आम्ल, अन्न आणि डायलिसिस

माणसाच्या रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता किंवा अल्कता दाखवणारा अंक, ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. अन्नातील प्रथिने वापरली जाताना रोज थोडे आम्ल तयार होते. निरोगी मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात आणि ते शमवताना खर्ची पडलेले बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्यातला अल्कधर्मी घटक, पुन्हा तयार करतात. मूत्रपिंडे निकामी झाली की ही भरपाई बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, डायलिसिसच्या द्रवातूनच होते आणि मधल्या दिवसांत आम्ल साचत राहते. मग शरीर हाडांतील क्षार खर्चून ते शमवते, स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढते, आणि दंडामांड्या हळूहळू बारीक होत जातात.

आम्ल प्रथिनांतून येते म्हणून प्रथिनेच तोडावीत, हा तर्क मात्र घातक आहे. डायलिसिसपूर्वी डाळ-अंडी कमी करण्याचा सल्ला मिळालेले अनेक रुग्ण पुढेही तेच पथ्य पाळतात. वास्तविक आता त्यांना वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. अंड्याचा पांढरा भाग येथे विशेष उपयोगी, कारण त्यात सुमारे साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात आणि फॉस्फरस अगदी नगण्य.

डायलिसिसपूर्वीच्या तपासणीत बायकार्बोनेट लिटरमागे २२ मिलिमोलपेक्षा कमी असेल, तर उपचारांचा फेरविचार होतो. पण चांगला दिसणारा आकडाही कधीकधी फसवा असतो, कारण जो रुग्ण जेवतच नाही त्याच्या शरीरात आम्लही कमीच तयार होते.