स्वभावाचे नऊ खण

परवा एक मुलगा मला म्हणाला, "सर, मी पाचव्या प्रकारचा. मला वक्तृत्व जमायचे नाही." हा 'एनिआग्राम'चा प्रताप! ग्रीक भाषेत 'एनिआ' म्हणजे नऊ. वर्तुळावर नऊ बिंदू, प्रत्येक बिंदू हा स्वभावाचा एक प्रकार. पाचवा प्रकार म्हणजे एकांतप्रिय अभ्यासक.

पण एकाच प्रकारची दोन माणसे तरी सारखी कुठे वागतात? म्हणून शेजारच्या बिंदूची छटा जोडतात. तिला 'पंख' म्हणतात. पाचाला चाराचा पंख असेल तर तो कल्पनेत रमणारा, सहाचा असेल तर सावध, शंकेखोर. नवाचे शेजारी ८ आणि १. असे १८ मिश्र प्रकार झाले.

इथे मला वर्णपट आठवतो. न्यूटनने त्यात सात रंग मोजले खरे. पण तांबडा संपून नारिंगी सुरू होतो अशी रेघ तिथे नाही, तरंगलांबी सलग बदलत जाते. मानसशास्त्रज्ञ बहिर्मुखता मोजतात तेव्हाही बहुतेक माणसे मध्याच्या आसपास सापडतात, टोकांना थोडीच. मग खणांच्या भिंती घालायच्या कुठे? पंख जोडावे लागले, ते याचमुळे.

त्या मुलाला मी विचारले, "गेल्या महिन्यात फळ्यापाशी उभा राहून अख्ख्या वर्गाला प्रमेय समजावलेस, तेव्हा तू कितव्या प्रकारचा होतास?"