कॅसेटवरचं चित्रीकरण घरच्या प्लेअरवर कसं आणावं?



ऊसनोंदीच्या दिवसांत आपले एक सभासद गट ऑफिसला आले, ते पिशवीत एक जुनी व्हिडिओ कॅसेट आणि एक कोरी करकरीत डिस्क घेऊनच. १९८७ साली दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ कार्यक्रमात त्यांचे वडील चार मिनिटं बोलले होते. ते शेजाऱ्याच्या व्हीसीआरवर रेकॉर्ड करून ठेवलेलं. वडील जाऊन वीस वर्षं झाली. नातवंडांनी त्यांना बोलताना कधी पाहिलेलं नाही. तालुक्याच्या एका दुकानातून डिस्क करून आणली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर चित्र छान दिसलं, घरच्या डीव्हीडी प्लेअरवर मात्र ‘नो डिस्क’! म्हातारी आई तासभर टीव्हीपुढे बसून राहिली.

दोष कॅसेटचा नव्हता. प्लेअर म्हणजे कॉम्प्युटर नव्हे. त्याला ठरलेल्या साच्यातलंच कळतं. चित्र एमपेग-२ प्रकारचं, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं लागतं, आणि ते डिस्कवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठराविक मांडणीने बसवावं लागतं. नुसती फाईल डिस्कवर उतरवली तर पुष्कळसे जुने प्लेअर ती वाचत नाहीत. आणि सगळं बरोबर असूनही शेवटी डिस्क ‘फायनलाईज’ म्हणजे बंद करायची राहिली, तरी हाच प्रकार. या सभासदांच्या डिस्कचं तेच झालं होतं.

आता कॅसेटकडे वळू. तिच्या अर्धा इंच रुंदीच्या फितीवर चित्र चुंबकीय लहरींच्या रूपात असतं, डिस्कवर आकड्यांच्या रूपात. म्हणून व्हीसीआर चालवून, मधे रूपांतर करणारं यंत्र जोडून ते कॉम्प्युटरमध्ये घ्यावं लागतं. यात घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट भरायला तीन तासच लागतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, आणि एकेक चित्र दोन पाळ्यांत रेखलं जातं. आपण एक आड एक सरी भिजवतो ना, तसंच! आधी एक आड एक ओळी, मग राहिलेल्या. भरताना पाळ्यांचा क्रम उलटला की चालणारा माणूस झटके खात चालतो. असं दिसलं तर दुकानदाराला पुन्हा करून द्यायला सांगावं.

डिस्कवर ४.७ अब्ज बाईट मावतात. सेकंदाला ५० लाख बिट धरले तर साधारण दोन तास पाच मिनिटं होतात. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले की चित्राचे चौकोन पडू लागतात, तेव्हा दोन डिस्कचे पैसे द्यावेत. व्हीसीडी करून घेऊ नये. तिच्यात चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे पाव भागच. उलट, डिस्कवर आलं म्हणून चित्र मुळापेक्षा चांगलं होईल हीही आशा नको. उसात असेल तेवढीच साखर निघायची.

पण तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो, तसंच फितीचंही आहे. आपल्या पावसाळी हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट ‘बघू तरी’ म्हणून व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. बुरशी हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटला. जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ साली उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आता जुनीच मिळतात, ती दर वर्षी कमी होणार.

सेटटॉप बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग हा वेगळाच त्रास. ते बहुधा कुलूपबंद असतं आणि त्याच बॉक्सवर चालतं. पेनड्राईव्ह काढून कॉम्प्युटरला लावला तरी उपयोग नाही. मुलगा-मुलगी अमेरिकेत असतील तर आणखी एक ध्यानात ठेवावं : तिकडची पद्धत ५२५ ओळींची, एनटीएससी. आपली पाल डिस्क तिथल्या बऱ्याच प्लेअरवर चालत नाही. त्यांना फाईलच पाठवावी.

माझं मत विचाराल तर डिस्क ही बघण्यासाठी, जपण्यासाठी नव्हे. घरी भरलेल्या डिस्कच्या आतला रंगाचा थर ऊन आणि ओलीने बिघडतो. म्हणून मूळ फाईल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि कॅसेट टाकून देऊ नये, उभी करून कोरड्या जागी ठेवावी.

पैसे देण्यापूर्वी घरचा प्लेअर पिशवीत घालून दुकानात न्यावा आणि डिस्क त्याच्यावर लावून बघावी. आपल्या सभासदांनी दुसऱ्या वेळी हेच केलं. आवाजात थोडी खरखर आहे, पण आई रोज दुपारी डिस्क लावायला सांगतात.