रक्त दिलं, आता अर्थही मागा



जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा भागांतल्या तीन वॉर्डांत ६,९३६ जणांचं रक्त तपासलं. वस्त्यांत शंभरातल्या ५७ जणांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे सापडली. वस्तीबाहेर फक्त १६ जणांच्या. प्रतिपिंडे म्हणजे विषाणूशी लढताना शरीराने तयार केलेली प्रथिने. ती सापडली म्हणजे लागण होऊन गेली होती. अनेकांना तर साधा तापही आला नव्हता.

नुसता आकडा कानावर आला की त्याचा भलताच अर्थ निघतो. वस्तीत काहीजण म्हणाले, "आता आपल्याला होणार नाही." बाहेर काहीजण म्हणाले, "हे लोक घाणीतच राहतात." दोन्ही चूक. किती जणांना लागण झाल्यावर साथ थांबते हे अजून स्पष्ट नाही, असं संशोधकांनी तेव्हाच सांगितलं होतं. वस्तीत लागण जास्त का, याची संभाव्य कारणंही त्यांनी दिली होती : दाट वस्ती, सामाईक संडास आणि नळ. वॉर्ड ऑफिसात वाढीव संडास मागताना हेच वाक्य आपल्या कामाचं आहे. पण ते किती घरांपर्यंत पोचलं?

याच संस्थेने २००९ मध्ये 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम सुरू केला. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी शास्त्रज्ञ लोकांशी गप्पा मारतात. प्रवेश मोफत, प्रश्न कुणीही विचारावा. तारीख विचारून मुलांना जरूर न्या. आणि शास्त्रज्ञांना आमचं सांगणं आहे : विहारातही या. रविवारी वंदनेनंतर सतरंजी आणि चहा आमच्याकडे तयार असतो.

पुढच्या वेळी कुणी तपासणीला दारात आलं, तर हे विचारा :

१. संस्था कोणती? नमुना कशासाठी?
२. माझा रिपोर्ट मला मिळेल का?
३. माझं नाव गुप्त राहील का?
४. निष्कर्ष मराठीत समजावायला वस्तीत कोण, कधी येणार?

संमतीपत्र वाचल्याशिवाय किंवा कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. संशोधनाला नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. मोबाइलवरच्या मेसेजला ते लागू आहे, तसंच प्रयोगशाळेतल्या आकड्यालाही. म्हणून माता-भगिनींनो, विचारायला लाजू नका.