नमुना आणि परवाना

जे. ए. बेथम यांनी 1894 साली माथेरानच्या फुलपाखरांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात 78 जाती होत्या. त्याच डोंगराची तेवढी सविस्तर यादी पुन्हा व्हायला सव्वाशे वर्षं जावी लागली. मुंबईच्या अभ्यासकांनी 2011 ते 2019 या काळात माथेरान पालथं घातलं आणि 140 जाती नोंदवल्या. माथेरानची फुलपाखरं जवळपास दुपटीनं वाढली, असा याचा अर्थ मुळीच नाही. कोण किती फिरलं, कोणत्या ऋतूत फिरलं, यावर असा आकडा ठरतो. पण बेथम यांची यादी नसती तर आज तुलनेला हाताशी काहीच नसतं.

या दोन याद्यांच्या मधल्या काळात माथेरानसकट कर्जत-खालापूरच्या डोंगरांत जाळी किंवा झाडं दाबायची फळी घेऊन शिरण्याचे नियम पार बदलून गेले. हे नियम हवेत की नकोत, हा वाद आता उरलेला नाही. ते हवेतच. ते कोणाला अडवतात आणि कोणाला मोकळं सोडतात, एवढं मात्र गेल्या पावणेदोनशे वर्षांकडे वळून पाहताना तपासलं पाहिजे.

सगळ्यात जुना नियम कागदावर नव्हता. देवराईतून वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा दंडक ठाकर, कातकरी, महादेव कोळी वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची पाहणी करून लिहिलं, तेव्हा विज्ञानाच्या दरबारात या दंडकाला मान मिळाला. पण त्याआधी शंभर वर्षं इथे येणाऱ्या साहेबाला देवराईची आडकाठी नव्हती आणि सरकारची तर नव्हतीच. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली माथेरानवर चढले आणि पाठोपाठ हौशी निसर्गअभ्यासकांची रीघ लागली. जे. वाय. स्मिथ यांचं माथेरानवरचं पुस्तक 1871चं. त्याच्या नावातच डोंगराची माणसं, झाडं आणि प्राणी अशी ओळीनं मांडणी आहे. डोंगरावर राहणारी माणसं झाडाप्राण्यांच्या रांगेत वर्णनाचा विषय म्हणून उभी होती. जंगल त्यांना ठाऊक होतं, पण परवानगी त्यांच्याकडे कोणी मागितली नाही.

1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. सोसायटीच्या नियतकालिकाच्या सुरुवातीच्याच खंडांत एच. एम. बर्डवुड यांची माथेरान आणि महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी छापून आली. पक्ष्याची जात ठरवायची तर त्याला गोळी घालायची, हीच तेव्हाची रीत होती. आज ते वाचवत नाही. तरीही त्या काळात चिठ्ठी बांधून ठेवलेला प्रत्येक नमुना आज साक्षीला उपयोगी पडतो, हेही तितकंच खरं.

ही चिठ्ठी म्हणजे काय ते सांगायला हवं. कारवीची एक डहाळी घ्या. पानं नीट पसरून, एखादं पान मुद्दाम उलटं करून, ती वर्तमानपत्राच्या कागदांत दाबतात. पावसाळ्यात कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते. वाळली की जाड कागदावर शिवतात किंवा चिकटवतात आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहितात : ठिकाण, उंची, तारीख, फुलाचा रंग, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो लिहून ठेवायचा. फादर सांतापाव यांनी अशाच नोंदींच्या बळावर खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ 1953 साली प्रसिद्ध केला. खंडाळा पुणे जिल्ह्यात असला तरी त्याचे कडे उतरतात ते खालापूर तालुक्यात, खोपोलीवर. कारवी किती वर्षांनी फुलते, एखादं झुडूप पन्नास वर्षांपूर्वी कुठवर पसरलेलं होतं, या प्रश्नांची उत्तरं द्यायला असे कागदच पुढे येतात. चिठ्ठी हरवली की उरतो तो नुसता पाचोळा.

संशोधनासाठी परवाना ही कल्पना आपल्याकडे 1912 साली कायद्यात आली. त्या वर्षीच्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्यात, शास्त्रीय संशोधनाच्या हितासाठी सरकार एखाद्याला एरवी बेकायदा ठरणारं कृत्य करण्याची सूट देऊ शकेल, असं कलम होतं. आजच्या साऱ्या परवान्यांचं मूळ तिथे सापडतं. पुढे मुंबई राज्यात 1951चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा झाला. त्यामागची खटपट हुमायून अब्दुलअली यांची. ते स्वतः पक्ष्यांचे नमुने गोळा करणारे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बंदूक आणि फूटपट्टी दोन्ही हाताळलेला माणूस नियम लिहायला बसला की काय जपायचं आणि काय घेऊ द्यायचं, हे त्याला नेमकं कळतं.

मग 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1985 साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. 130.78 चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात पुणे आणि ठाण्याबरोबर रायगडचा, म्हणजे कर्जत तालुक्याचाही भाग येतो. खांडसहून शिडी घाटानं किंवा गणपती घाटानं वर निघालेला माणूस याच जंगलाकडे चढत असतो. इथे काम करायचं तर दोन वेगवेगळ्या गोष्टींची परवानगी लागते आणि नवखे अभ्यासक इथेच गोंधळतात. कलम 28 अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अभ्यासासाठी आत जायला परवाना देतात. पण आत जाऊन पाहणं वेगळं आणि उचलून आणणं वेगळं. अनुसूचीतला प्राणी पकडायचा किंवा मारायचा तर कलम 12, आणि तो पहिल्या अनुसूचीतला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी. अभयारण्यातलं काहीही तोडण्या-हलवण्यावर कलम 29चा पहारा. 1991च्या दुरुस्तीनं ठरावीक वनस्पतींनाही संरक्षण मिळालं आणि वनस्पतिसंग्रहालयासाठी त्या गोळा करायलाही परवाना लागू लागला. 1 एप्रिल 2023पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि पहिल्या अनुसूचीतल्या जाती खूप वाढवल्या. म्हणजे दिल्लीपर्यंत जाणाऱ्या अर्जांची वाटही रुंदावली.

या चौकटीत उत्तम काम होऊ शकतं, याचं उदाहरण भीमाशंकरनंच दिलं आहे. रेनी बोर्जेस यांनी 1980च्या दशकात इथे शेकरूंवर संशोधन केलं. फळांच्या टंचाईत शेकरू कशावर जगतात, उंबर-वडाच्या कुळातल्या झाडांचा त्यात वाटा किती, हे त्यांनी मांडलं. पुढे बोर्जेस आणि हेमा सोमनाथन यांनी वारसाच्या झाडावर रात्री येणारे मोठे काळे भुंगे अभ्यासले. त्यांच्यातली एक जात अमावास्येच्या अंधारातही उडते. हे भुंगे चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखतात का, हे स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर घरट्यांजवळ रंगीत खुणा ठेवून तपासलं गेलं. ओळखतात, हे 2008 साली जगाला कळलं. वाळक्या लाकडात बिळं करून राहणाऱ्या भुंग्याची ही करामत आपल्या शेजारच्या जंगलात उघड झाली, याचा कर्जतच्या शाळांत पाठ व्हायला हवा.

पण दरम्यान आणखी एक पान उलटलं होतं. सह्याद्रीत नरक्या नावाचं उग्र वासाचं लहानसं झाड आहे. त्याचं शास्त्रीय नाव जोसेफ निम्मो या मुंबईच्या जुन्या वनस्पतिअभ्यासकाच्या स्मरणार्थ आहे. या झाडात कॅम्प्टोथेसिन असल्याचं गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी 1972 साली दाखवलं. कर्करोगावरच्या औषधांना ते लागतं, हे बाजाराला कळलं आणि पश्चिम घाटात नरक्याची खोडं पोत्यांनी उतरू लागली. तोडणाऱ्या मजुराच्या हाती दिवसाची मजुरी पडली आणि नफा भलतीकडेच गेला. एका प्रयोगशाळेतल्या नोंदीतून अख्ख्या जंगलाची लूट उभी राहू शकते, हे कळल्यावर सरकारनं घाबरून जाणं मी समजू शकतो.

अशा धास्तीचाही हात 2002च्या जैवविविधता कायद्यामागे होता. परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला इथली जैविक सामग्री हवी तर राष्ट्रीय प्राधिकरणाची मान्यता हवी. नवी जात सापडली तर तिचा नमुना नेमून दिलेल्या भारतीय संग्रहालयात जमा झालाच पाहिजे. ही शेवटची अट मला मनापासून पटते. खंडाळ्याच्या देवगांडुळाची जात 1960 साली नोंदवली ती अमेरिकेच्या एडवर्ड टेलर यांनी. आपल्याच घाटातला प्राणी पडताळायला आपल्या विद्यार्थ्याला परदेशी कपाटं धुंडाळावी लागू नयेत.

मात्र वर्गीकरणशास्त्रज्ञांचं दुखणंही खरं होतं. के. डी. प्रथापन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली 'करंट सायन्स'मध्ये या कायद्यानं संशोधनावर परवानाराज आल्याचा इशारा दिला. 2018 साली 'सायन्स'मधल्या त्यांच्या लेखाला 35 देशांतल्या 172 शास्त्रज्ञांनी पाठिंबा दिला. किडा किंवा बेडूक ओळखायचा तर जगभरच्या तज्ज्ञांत नमुन्यांची देवघेव लागते. तीच अडली तर जाती नाव मिळण्याआधी संपतील, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला 2008 साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानात विनापरवाना कीटक गोळा करणारे दोन चेक कीटकअभ्यासक पकडले गेले आणि न्यायालयात दोषी ठरले. त्यातला एक नामवंत शास्त्रज्ञ होता आणि त्याच्या सुटकेसाठी जगभरातून पत्रं आली. माझं मत स्पष्ट आहे : विद्वत्ता हा परवाना नव्हे. पण अर्ज करणाऱ्याला वेळेत हो किंवा नाही कळणं हा त्याचा हक्क आहे. पावसाळी बेडकांच्या अभ्यासाचा परवाना दिवाळीत हाती आला तर ते वर्ष वाया जातं.

आणि नियमाची रेघ जिथे संपते तिथलं काय? आमच्या भागात वर्षानुवर्षं पदवीच्या विद्यार्थ्यांना सबमिशनसाठी वाळवलेल्या वनस्पतींचे कागद द्यावे लागत. कर्जत-खोपोलीची लोकल सोयीची, म्हणून पावसाळ्यात वर्गच्या वर्ग उतरत आणि तीच ती आमरी कंदासकट उपटली जाई. परीक्षा झाली की ते गठ्ठे रद्दीत. अभयारण्याचे नियम या उपशाला कधी लागलेच नाहीत. 4 फेब्रुवारी 2003 रोजी माथेरान आणि परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरला, 214.73 चौरस किलोमीटरचा. त्यानं बांधकाम, खाणी आणि उद्योगांना लगाम घातला. पण त्या रेघेबाहेर खालापूरचे माळ आणि कर्जतच्या टेकड्या फार्महाऊस आणि प्लॉटिंगसाठी सपाट होत राहिल्या, आणि सपाट करणाऱ्यांवर तिथे काय होतं याची यादी करण्याची सक्ती सहसा झाली नाही. मला सर्वांत जास्त सलतं ते हे. नोंदच नसलेल्या माळाचं काय गेलं, ते कोण सांगणार?

2002च्या कायद्यात याचं उत्तर होतं. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिनं करायची लोकजैवविविधता नोंदवही. स्मिथच्या पुस्तकात वर्णनाचा विषय असलेली माणसं इथे प्रथमच नोंद करणारी झाली. महाराष्ट्राचं राज्य जैवविविधता मंडळ 2012 साली नागपुरात सुरू झालं. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, ती चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला 10 लाखांची भरपाई लावली, आणि देशभर वह्या भरण्याची घाई उडाली. मुदतीपायी भरलेल्या वहीत आंबा, फणस, साग, बिबट्या सापडतो. कोणत्या ओहळाला कोणत्या महिन्यात कोणता खेकडा येतो, हे कातकरी म्हातारीला ठाऊक असलेलं तिच्यात क्वचितच उतरतं. ते लिहायचं तर तिच्याबरोबर पावसात हिंडायला हवं.

ही वही आणि संशोधकाचा परवाना एकमेकांना जोडता येतील. भीमाशंकरात किंवा माथेरानच्या उतारावर काम करणाऱ्यानं आपल्या याद्यांची मराठी प्रत त्या गावच्या समितीला द्यावी, वाटाड्या म्हणून हिंडलेल्या माणसाचं नाव त्याच्या संमतीनं नमुन्याच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्यांत लिहावं, आणि दुर्मीळ झाडाचा नेमका ठावठिकाणा मात्र चोरांच्या हाती लागू नये म्हणून छापू नये. या तीन अटी परवान्यावर घालायला नवा कायदा लागत नाही. परवाना देणाऱ्याला अटी घालण्याचा अधिकार आजही आहे.