चार पानांचं ‘लक’ आणि कुंडीतली आंबुशी

‘लकी क्लोव्हर’ म्हणून चार पानांचं नाजूक रोप विकतात. त्याच्याच जोडीला जांभळ्या पानांचं ‘शॅमरॉक’. वास्तुशांतीला, दुकानाच्या उद्घाटनाला द्यायला बरं म्हणून आपण घेतोही. रोपं देखणी आहेत, पण दोघांचीही नावं उसनी!

खरा शॅमरॉक आयर्लंडचा आणि त्याला पानं तीनच. त्या आयरिश शब्दाचा अर्थच मुळी ‘छोटं क्लोव्हर’. देव एक, पण रूपं तीन, हे संत पॅट्रिकनं या पानावरून समजावलं, अशी तिथली आख्यायिका. म्हणून १७ मार्चला आयरिश लोक ते कोटाला लावतात. शंकराला त्रिदल बेल वाहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

चार पानांचं क्लोव्हर हे निराळंच प्रकरण. पांढऱ्या क्लोव्हरला एरवी तीन पानं. हजारोंत एखादं चौपानी निघतं. शोधून सापडतं, म्हणून नशिबाचं. श्रावणात बेल निवडताना चार दलांचं पान हाती लागलं की कसं जपून ठेवतात, तसंच. विकतच्या रोपाला मात्र सगळीच पानं चार-चार दलांची, कारण मेक्सिकोतल्या ऑक्झॅलिसची ती जातच तशी. मग त्यात दुर्मीळ ते काय? जांभळं रोपही ऑक्झॅलिसच, दक्षिण अमेरिकेतलं.

ओळखायचं कसं? क्लोव्हरची दलं लंबगोल, बऱ्याचदा वर फिकट पट्टा. चौपानी ऑक्झॅलिसच्या दलांना टोकाशी खाच, अगदी बदामासारखी.

अशीच बदामी पानं तुळशीच्या कुंडीत दिसतात ना? पिवळ्या फुलांची आंबुशी ती! तीही ऑक्झॅलिसच. हिला तण म्हणून उपटायचं आणि हिच्या परदेशी बहिणीला पैसे मोजायचे, असा आपला कारभार. आंबुशीची आंबटसर चटणी, भाजी झकास होते. फक्त मुतखड्याचा त्रास असेल तर ती टाळा, तिच्यात ऑक्झॅलेट भरपूर असतं. आणि शोभेच्या रोपाची पानं हौसेनं तोंडात टाकू नका, त्यावर काय फवारलंय कुणास ठाऊक.

खऱ्या क्लोव्हरसाठी मात्र नर्सरीत जायलाच नको. जनावरांना घालतात तो बरसीम म्हणजे क्लोव्हरच; लसूणघास आणि मेथी त्याच्या सख्ख्या चुलत बहिणी. गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना चाऱ्याचं मोल काय सांगायचं! उद्या मेथीची जुडी निवडायला बसाल, तेव्हा एक पान हातात घेऊन दलं मोजा. तीन भरतील.