खुर्ची काल्हेरात, चाव्या कुठे?

ठाण्याचं बाळकूम सोडून कशेळीची खाडी ओलांडली की काल्हेर येतं. रस्त्याला लागून गोदामं, त्यांच्यामागे टॉवर, डोक्यावर मेट्रो पाचची मार्गिका आणि या सगळ्यांच्या मध्ये आगऱ्यांचं जुनं गावठाण. २०११च्या जनगणनेनं त्याला शहरात धरलं, कायद्यानं मात्र इथे ग्रामपंचायतच. व्याप शहराचा, अधिकार गावाचे. अशा पंचायतीच्या खुर्चीवर बाई बसली तर?

बायकांनी पंचायत चालवणं आपल्याकडे आरक्षणाच्याही आधीचं. बारामती तालुक्यातल्या निंबूतला १९६३ साली कमलाबाई काकडे यांच्यासह सगळी पंचायतच बायकांची होती. पंचायतीबाहेरही, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, तलासरीच्या पट्ट्यात, गोदावरी परुळेकर १९४५ साली वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांना कुणी जागा राखून ठेवली नव्हती. पुढे राज्यानं १९९० मध्ये ३० टक्के जागा राखल्या, ७३व्या घटनादुरुस्तीनं एक तृतीयांश केल्या आणि २०११ मध्ये त्या निम्म्यावर गेल्या. शेजारच्या भिवंडी महापालिकेत २०१९ साली प्रतिभा पाटील महापौर झाल्या. मोठ्या खुर्चीचं अप्रूप आता फारसं उरलेलं नाही.

‘सरपंचपती’वर आपण तीसेक वर्षं हसतो आहोत. बाई सहीपुरती, कारभार नवऱ्याचा! खोटं नाही ते. पण मला आता दुसरीच काळजी वाटते. समजा, नवरा बाजूला झाला आणि बाई स्वतः फाइल वाचू लागली, तरी काल्हेरसारख्या गावात तिच्या हाती काय लागतं? भिवंडीभोवतीच्या ६० गावांचं नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, एमएमआरडीएकडे, म्हणजे टॉवरचा नकाशा तिकडे. मेट्रो त्यांचीच. पाण्यासाठी स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडे बघायचं, मोठ्या रस्त्यासाठी सरकारकडे. नळ कोरडा पडला की हंडे मात्र वाजतात ते ग्रामपंचायतीच्या दारात. तिथे उत्तर द्यायला सरपंचबाई, आणि तिच्याजवळ उत्तर म्हणून आणखी एक अर्ज. बाईला खुर्ची मिळेपर्यंत चाव्या दुसऱ्याच्या कनवटीला गेल्या होत्या.

म्हणून तिनं गप्प बसावं, असं मुळीच नाही. बचत गटाच्या वहीत पन्नास-शंभराचा हिशेब लावता लावता बायका ठराव लिहायला शिकल्या, बँकेच्या साहेबाशी वाद घालायला शिकल्या. वरच्या कार्यालयाला लेखी ठराव धाडून त्याची पोच मागणारी बाई आवडत नाही कुणाला. पण तिला टाळणं अवघड जातं.

अशा ठरावासाठी कायद्यानं एक जागाही दिली आहे. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवली, की टॉवरमधली ठाण्या-मुंबईच्या ऑफिसात अडकलेली. गावठाणातली तेवढी येते. गोदामात पॅकिंग करणारी पाळीवर असते. सभा रविवारी संध्याकाळी घेतली, तर टॉवरवाली येईल. पण पॅकिंगवालीचं काय? पाण्याच्या रांगेत ती रोज उभी असते आणि मतदारयादीत तिचं नाव बहुधा दुसऱ्याच कुठल्या गावात असतं.