उरलेले अन्न: तुर्की स्वयंपाकघर आणि दिल्लीची पंगत



दिल्लीहून गाझियाबादकडे जाताना रस्त्यालगत गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. तेथे १९८४ पासून शहराचा कचरा टाकला जातो. २००२ मध्येच जागेची क्षमता संपली, तरी कचरा येतच राहिला. १ सप्टेंबर २०१७ रोजी डोंगराचा एक भाग कोसळून दोन जणांचा मृत्यू झाला. आत दबलेले अन्न हवेशिवाय कुजते आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. तो पेटला की आगही लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घरांत, तर २८ टक्के हॉटेले, उपाहारगृहे, खानावळी अशा ठिकाणी. पर्यटक बहुतेक वेळा याच दुसऱ्या गटात जेवतो. म्हणून शाश्वत पर्यटनाचा विचार ताटापासून सुरू करू.

१. अन्न कुठे वाया जाते?

(अ) स्वयंपाकघरात: साली, देठ, शिळे पदार्थ.
(आ) वाढपाच्या टेबलावर: शिजवले, पण कोणी घेतले नाही.
(इ) ताटात: घेतले, पण खाल्ले नाही.

तिन्हींची कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

२. तुर्की स्वयंपाकघराचा धडा

तुर्कस्तानात शिळ्या पावाचे तुकडे गरम रश्श्यात भिजवून, वर लसूण घातलेले दही ओतून ‘पापारा’ करतात. दही, पीठ आणि भाज्या एकत्र आंबवून वाळवतात, ती ‘तरहाना’. हिवाळ्यात तिचे सूप होते. हंगामात जास्त आलेल्या भाज्यांचे ‘तुर्शू’ हे लोणचे घालतात. आपल्याकडची फोडणीची पोळी, दोडक्याच्या शिरांची चटणी आणि सांडगे आठवा. तत्त्व तेच आहे: जे उरते तो पुढच्या पदार्थाचा कच्चा माल.

तुर्कस्तानने २०१७ मध्ये ‘शून्य कचरा’ प्रकल्प सुरू केला. पुढे त्याच देशाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी ३० मार्च हा आंतरराष्ट्रीय शून्य कचरा दिन ठरवला.

मात्र या परंपरेची मर्यादा लक्षात घ्या. ती (अ) सोडवते आणि (आ) काही प्रमाणात. पाहुण्याच्या उष्ट्या ताटातले अन्न पुन्हा वापरता येत नाही. तेथे वाढण्याची पद्धतच बदलावी लागते.

३. पंगत आणि बुफे

दिल्लीतील गुरुद्वारा बंगला साहिबच्या लंगरमध्ये देशविदेशांतले पर्यटकही जमिनीवर पंगतीत बसतात. सेवेकरी फिरून वाढतात. हवे तेवढेच घ्यावे आणि पुन्हा मागावे, ही रीत. पंगती दिवसभर चालतात, त्यामुळे स्वयंपाकही टप्प्याटप्प्याने होतो. मागणी पाहून पुरवठा, असे याला म्हणता येईल.

बुफेत उलट घडते. शेवटचा पाहुणा येईपर्यंत प्रत्येक भांडे भरलेले दिसावे, अशी अपेक्षा असते. समजा, १० पदार्थ आहेत आणि प्रत्येक भांड्यात शेवटपर्यंत ३ किलो ठेवायचे आहे. मग ताटात कोणीही काही टाकले नाही, तरी ३० किलो अन्न उरणारच. भांडे १ किलोचे केले, तर उरेल १० किलो. पाहुणे तेच आणि जेवणही तेच, फक्त भांडे लहान झाले.

यानंतरही जे उरेल, ते स्वच्छ व ताजे असतानाच गरजूंपर्यंत पोहोचवावे. त्यासाठी अतिरिक्त अन्नाच्या वाटपाबाबत २०१९ चे केंद्रीय विनियम आहेत.

स्वाध्याय

तुमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये सात दिवस (अ), (आ) आणि (इ) यांसाठी तीन वेगळे डबे ठेवा आणि रोज वजन करा. सर्वांत जड डबा कोणता? त्यानुसार एकच बदल सुचवा, आठवडाभर अमलात आणा आणि पुन्हा वजन करा. ‘अन्न वाया घालवू नका’ अशी पाटी लावणे हा बदल धरला जाणार नाही.